हॉलो पॉइंट कुठली घ्यावी: बॉक्सवरचा फोटो सोडा, गोळी किती खोल जाते ते बघा

हॉलो पॉइंट म्हणजे नाकाला खड्डा असलेली, लागली की फुलणारी गोळी. तिच्या जवळपास प्रत्येक बॉक्सवर एक फोटो असतोय, तांब्याच्या पाकळ्या चारी बाजूंनी उलगडलेल्या, मधे शिसं पसरलेलं, आणि बघणारा तिथंच हरखून जातो. माझ्या मामेभावाचं तेच झालं. तो टेक्सासला असतो, डॅलसच्या बाहेर, त्यानं पहिलं पिस्तूल घेतलं ९ एमएमचं आणि दुकानातनंच मला बॉक्सचे फोटो धाडले की दादा यातली कुठली उचलू, घरात ठेवायला पण पाहिजे आणि हिवाळ्यात दोस्तांबरोबर डुकराच्या शिकारीला पण जायचंय, एकच बॉक्स दोन्हीला चालंल का. त्याला मी फोनवर जे सांगितलं ते सगळं इथं लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न आता आपल्याकडची पोरंपण विचारायला लागलीत, यूट्यूबवर मांसाऐवजी ठेवलेल्या जेलीत गोळ्या मारायचे व्हिडिओ बघून. आणि आपल्याकडं त्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण वेगळं आहे, ते पण सांगतो.

मी कोण हे सांगायचं तर, घरचा हुपरीचा चांदीचा धंदा, माल आणि रोकड घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ये-जा करायची, त्यामुळं वडलांच्या काळापासनं घरात बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्वरचं लायसन आहे आणि पन्हाळ्याच्या खाली शेत आहे तिथल्यासाठी एक बारा बोअर, म्हणजे छऱ्याची लांब बंदूक. कोल्हापुरात नेमबाजी हा काय अनोळखी विषय नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमधे वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सला २५ मीटर पिस्तूलमधे गोल्ड मारलं, स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ ला पॅरिसमधनं ब्राँझ घेऊन आला. दुधाळीच्या रेंजवर पोरं पहाटे उठून येतात. पण ही सगळी कागदावर भोक पाडायची नेमबाजी, तिथं गोळी कागदाच्या पलीकडं काय करते याच्याशी कुणाला घेणं नसतं. जीव वाचवायची गोळी किंवा जनावर मारायची गोळी हा वेगळाच अभ्यास आहे आणि तो मन लावून करावा लागतोय, कारण चूक झाली तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वसंरक्षणाच्या गोळीनं दोन कामं करायची असतात, पुरेसं आत जायचं आणि नको तिथनं बाहेर पडायचं नाही. कंपनीचं नाव, काळा रंग, चकचकीत निकेलची पुंगळी (गोळी बसवलेली काडतुसाची नळी), भीती वाटंल असलं नाव, हे सगळं त्याच्यानंतर.

आधी ही गोळी चालते कशी ते बघू. साधी गोळी, जिला फुल मेटल जॅकेट म्हणतात, ती आत भरीव शिसं आणि वरनं तांब्याचं कवच, नाक गोल. ती शरीरात घुसली की आकार न बदलता सरळ पुढं जाते आणि बऱ्याच वेळा पलीकडनं बाहेर पडते, ९ एमएमची असेल तर टेस्टच्या जेलीत दोन फुटाच्या पुढं जाते. हॉलो पॉइंटच्या नाकाला खड्डा असतो. गोळी ओल्या मांसात शिरली की त्या खड्ड्यात द्रव घुसतो, आतनं दाब पडतो आणि नाक जास्वंदीसारखं बाहेर उलगडतं. ९ एमएमची गोळी फुलून साधारण १४ ते १६ एमएमची होते. त्यानं दोन गोष्टी होतात, भोक मोठं पडतं आणि गोळीला ब्रेक लागतो, म्हणजे ती आतच थांबायची शक्यता वाढते. अमेरिकेतले बहुतेक पोलीस हॉलो पॉइंट वापरतात त्याचं एक मोठं कारण हेच, की माणसातनं आरपार गेलेली गोळी मागच्या रस्त्यावरच्या बाईला लागू नये. आपल्याकडं लोकांना वाटतं ही जास्त क्रूर गोळी आहे. मला तसं वाटत नाही, पण ही समजूत कुठनं आली ते माहीत असायला पाहिजे, कारण ती आपल्याच देशातनं आलीय.

कलकत्त्याजवळ दमदमला इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९५ च्या चित्रालच्या (आता पाकिस्तानात) मोहिमेत इंग्रजांच्या सैन्याची तक्रार आली की नव्या .३०३ रायफलची गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते आणि समोरचा माणूस तरीपण चालून येतो. तेव्हा दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यानं नाकावरचं कवच कमी करून शिसं उघडं ठेवलेली गोळी काढली, ती लागली की पसरायची. तीच दमदम गोळी, सगळ्या जगात त्याच नावानं बदनाम झाली. ती वापरली कुणावर तर सरहद्दीवरच्या आपल्याच उपखंडातल्या लोकांवर, हे मला कधी विसरता येत नाही. इंग्रजांनी त्याच सुमारास वेबली रिव्हॉल्वरसाठी पण वाटीसारख्या नाकाची एक गोळी काढली होती, तिला मॅनस्टॉपर म्हणायचे. मग १८९९ ला हेगला परिषद झाली आणि युद्धात शरीरात पसरणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत असा करार झाला. म्हणून बहुतेक सैन्यांच्या पिस्तुलात अजून साधी गोळी असते. पण तो करार देशादेशातल्या लढाईपुरता आहे, पोलिसांना किंवा घरात पिस्तूल ठेवणाऱ्या माणसाला तो लागू नाही. लोक इथं घोळ घालतात, इंटरनॅशनल बंदी आहे म्हणून ठोकून देतात.

आणि इथंच एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कुणीतरी काडतुसाच्या नाकाला कानस मारून, करवतीनं क्रॉस पाडून घरी दमदम बनवायचे व्हिडिओ टाकतोय. ते करू नका. कवच कमजोर झालं की शिसं पुढं निघून जाऊ शकतं आणि कवचाची नळी बॅरलमधेच अडकून राहू शकते, पुढचा बार काढला की बॅरल फुटलं. तुमचा हात, तुमचा डोळा. जी गोळी जशी बनवलीय तशीच वापरायची.

आता गोळी किती खोल जायला पाहिजे ते. याचा सगळा अभ्यास एका वाईट दिवसातनं आला. ११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या, लोकांनी बँका लुटणाऱ्या दोघांची गाडी अडवली, गोळीबार झाला, दोन एजंट गेले आणि पाच जखमी झाले. त्यातल्या प्लॅट नावाच्या लुटारूला सुरवातीलाच एका एजंटची ९ एमएमची हॉलो पॉइंट लागली होती, त्या काळातली चांगली समजली जाणारी गोळी, ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळी तोलायचं माप). ती दंडातनं घुसून छातीत गेली, फुलली पण नीट, आणि हृदयाच्या थोडं अलीकडं थांबली. तो मेला शेवटी, पण त्या आधी बराच वेळ लढत राहिला आणि सगळं नुकसान त्या वेळात झालं. म्हणजे गोळी कंपनीनं सांगितलं तसंच वागली, बॉक्सवरच्या फोटोसारखी फुलली, फक्त पुरेशी आत गेली नाही.

त्यानंतर एफबीआयनं टेस्ट ठरवली. १० टक्के जिलेटिनचा ठोकळा, थंड ठेवलेला, आणि तो बरोबर झालाय का हे बघायला आधी त्यात एक छर्रा ठराविक वेगानं मारून तो किती आत जातो ते मोजायचं. मग गोळी मारायची, नुसत्या जेलीत, जाड कपड्यांच्या थरातनं, पत्र्यातनं, प्लायवूडमधनं, भिंतीच्या बोर्डातनं, गाडीच्या काचेतनं. गोळी कमीतकमी १२ इंच गेली पाहिजे आणि १८ इंचाच्या पुढं जायला नको, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर. आता कुणी म्हणंल माणसाची छाती तर तेवढी जाड नसते मग १२ इंच कशाला. कारण समोरचा माणूस फोटोतल्यासारखा सरळ उभा नसतो. त्याचा हात मधे येतो, तो तिरका असतो, वाकलेला असतो, अंगानं जाडजूड असतो. मायामीत नेमका दंडच मधे आला होता. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, तोपर्यंत तो फक्त किती फुलते तेवढंच बघत होता.

एफबीआयचाच १९८९ चा एक पेपर आहे हँडगनच्या, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या, जखमांवर, त्यातला मुद्दा सगळ्यांनी डोक्यात घालून घ्यावा असा आहे. पिस्तुलाची गोळी माणसाला मागं उडवत नाही. माणूस जागेवर थांबतो तो मेंदूला किंवा मणक्याच्या वरच्या भागाला लागलं तर, नाहीतर रक्तदाब कोसळेपर्यंत वेळ जातो. धक्क्यानं आतनं सगळं फाटतं वगैरे जे सांगतात ते रायफलच्या वेगाला, पिस्तुलाच्या वेगाला मांस ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. त्यामुळं पिस्तुलाच्या गोळीला फक्त दोनच गोष्टी येतात, किती खोल आणि किती रुंद, आणि त्यात खोली पहिली.

पुढचा घोळ कपड्याचा. जुन्या हॉलो पॉइंटचा खड्डा जाड जॅकेट आणि जीन्समधनं जाताना कापसानं भरून जायचा, मग ती फुलायचीच नाही आणि साध्या गोळीसारखी आरपार जायची. डॅलसला हिवाळ्यात लोक दोन-तीन थर घालतात, त्यामुळं हा मुद्दा त्याच्यासाठी खरा आहे. यावर कंपन्यांनी वेगवेगळे उपाय काढले. हॉर्नाडीनं खड्ड्यात रबरासारखा मऊ लाल तुकडा बसवला, म्हणजे कापड आत शिरतच नाही, उलट तो तुकडाच दाबला जाऊन गोळी उघडतो. स्पीअरच्या गोल्ड डॉटमधे तांब्याचं कवच शिशावर असं चिकटवलेलं असतं की काचेतनं गेली तरी कवच आणि शिसं वेगळं होत नाही. फेडरलच्या एचएसटीचा खड्डा खोल आणि रुंद, पाकळ्या ठरवून कापलेल्या, कपड्यातनं गेली तरी उघडते. या तिन्हीपैकी कुठलीही त्यानं घेतली असती तर मी काही बोललो नसतो. त्याच्या फोटोत अजून एक होती, वजनानं एकदम हलकी, वेगाचा मोठा आकडा छापलेला, लागली की तुकडे होतात अशी जाहिरात. ती मी नको म्हणून सांगितलं. तुकडे होणारी गोळी खोल जात नाही, तुकडे वरवर पसरतात, बघायला भयंकर आणि कामाला कमी.

वजनाचं म्हणाल तर ९ एमएममधे ११५, १२४ आणि १४७ ग्रेन अशा मिळतात. १२४ ग्रेन म्हणजे आठ ग्रॅम. आम्ही चांदीवाले, आम्हाला ग्रॅममधे सांगितलं की पटकन कळतं. १२४ ची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जाते, १४७ ची थोडी हळू, तीनशेच्या आसपास. मी १२४ सांगितली, १४७ पण चालंल. प्लस पी लिहिलेल्या, म्हणजे जादा दाबाच्या, त्याला नको म्हणालो, पहिलंच पिस्तूल आहे, धक्क्यानं हात वर उसळला की दुसरा बार भलतीकडं जातोय. अजून एक, बॅरल छोटं असेल तर वेग कमी होतो आणि वेग कमी झाला की हॉलो पॉइंट उघडत नाही. लोक मोठ्या पिस्तुलाचे टेस्टचे आकडे बघतात आणि गोळी खिशातल्या छोट्या पिस्तुलात घालतात. आपल्या बॅरलच्या लांबीवर ती गोळी कशी वागते तेच बघायचं, दुसऱ्याच्या नाही.

या सगळ्याच्या वर एक अट आहे. पिस्तुलात ती गोळी अडकायला नको. हॉलो पॉइंटचं नाक रुंद आणि चपटं असतं, काही जुन्या पिस्तुलांची घडण गोल नाकाच्या गोळीसाठी झालेली असते, मॅगझिनमधनं वर येताना नाक ठेचतं आणि बार निघत नाही. भावाला सांगितलं की घेतलेला बॉक्स तसाच ड्रॉवरमधे ठेवायचा नाही, आधी त्यातल्या पुष्कळ गोळ्या त्याच पिस्तुलातनं, त्याच मॅगझिनमधनं उडवून बघ, एकही अडकली तर दुसरी कंपनी बघ. महाग पडतं ते मान्य आहे. सरावाला त्याच वजनाची साधी गोळी घे, स्वस्त पडते, हाताला धक्का सारखाच लागतो.

रोज रात्री पिस्तूल भरायचं आणि सकाळी रिकामं करायचं, असं करणाऱ्यांनी एक बघावं. तीच वरची गोळी रोज चेंबरमधे, म्हणजे बार निघतो त्या नळीच्या मागच्या खोबणीत, जाते, दर वेळी नाकावर ठोका बसतो आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत सरकते. नवी गोळी आणि ती गोळी टेबलावर शेजारी उभी करा, बोट आडवं धरा, फरक दिसतो. केसाएवढा फरक, पण आतली जागा कमी झाली की दाब भयंकर वाढतो. अशी गोळी बाजूला काढायची, सरावाला पण वापरायची नाही.

आता डुकराचं. इथं मी त्याला स्पष्ट सांगितलं की घरातली गोळी शिकारीला न्यायची नाही. टेक्सासमधे ही डुकरं म्हणजे सुटलेल्या पाळीव डुकरांची पैदास आणि बाहेरनं आणलेली रानडुकरं यांची सरमिसळ, शेतीचं प्रचंड नुकसान करतात, २०१९ पासनं तिथं खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं त्यांना मारायला शिकारीचं लायसन पण लागत नाही. पण जनावर चिवट आहे. मोठ्या नराच्या खांद्यावर चामड्याखाली कूर्चेसारखी जाड ढाल असते, नर एकमेकांत सुळे मारून भांडतात त्यासाठी निसर्गानं दिलेली. ९ एमएमची हॉलो पॉइंट त्या ढालीतच फुलून थांबू शकते, आणि मग जखमी जनावर झाडीत जाऊन तासन्‌तास तडफडतं नाहीतर उलटून अंगावर येतं. माणसासाठी जो गुण तोच इथं दोष. हँडगननंच मारायचं असेल तर तिकडचे लोक १० एमएम किंवा .४४ मॅग्नम अशी जास्त ताकदीची घेतात आणि त्यात कडक शिशाची चपट्या नाकाची भरीव गोळी, जी फुलत नाही पण हाड फोडून आत जाते. हरणाचं वेगळं, कातडी पातळ, तिथं मॅग्नमच्या वेगाची हॉलो पॉइंट किंवा सॉफ्ट पॉइंट, म्हणजे नाकाला शिसं उघडं असलेली, चालते. हल्ली पूर्ण तांब्याच्या हॉलो पॉइंट पण निघाल्यात. त्याचं कारण मला फार पटलं, शिशाचे बारीक कण मेलेल्या जनावरात राहतात आणि ते खाऊन गिधाडं मरतात, कॅलिफोर्नियात काँडोर नावाचं गिधाड संपायला आलं होतं त्याचं एक मोठं कारण हेच, म्हणून तिथं १ जुलै २०१९ पासनं शिकारीला शिशाची गोळी बंद. पण नवशिक्यानं हँडगन घेऊन डुकरामागं जाऊच नये असं माझं मत. रायफल घे, नाहीतर नुसता बघायला जा. जनावर मारायचंच तर एका गोळीत मेलं पाहिजे, त्याला तडफडत ठेवायचा कुणाला हक्क नाही.

हे झालं टेक्सासचं. आता आपल्याकडं या.

आपल्याकडं शिकार हा विषयच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद. दाजीपूरचं जंगल राजर्षी शाहू महाराजांच्या काळात संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं, न्यू पॅलेसच्या म्युझियममधे त्या काळाच्या बंदुका आणि जनावरांची मुंडकी अजून बघायला मिळतात, आणि तेच रान १९५८ ला गव्यांचं अभयारण्य झालं. मला हा बदल अभिमानाचा वाटतो. पण शेतकऱ्याचं दुखणं पण खोटं नाही. रानडुक्कर रात्रीत भुईमुगाचं वावर उलटंपालटं करतंय, उसाचं बुडकं चावून चोथा करून टाकतंय, आणि गवे तर २०२१ मधे पार कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. तरीपण लायसनची बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. कायद्याच्या कलम ११ मधे सोय आहे, जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका झालं असेल तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर शेड्यूल दोनमधे, म्हणजे ही परवानगी लागू होते त्या यादीत, आहे. जिवावरच बेतलं आणि स्वतःला वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता, वाटे घालायचे नाहीत. बाकी पिकाचं नुकसान झालं की लगेच फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज टाका. हे रटाळ वाटतं, पण तोच रस्ता आहे. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब घालून ठेवणारे आहेत काहीजण, त्यानं डुकराचा जबडा फुटतो, कुत्री मरतात, गुरं मरतात, एखाद्या पोरानं हात लावला तर संपलं. असल्याला साथ देऊ नका, गावातला असला तरी.

आणि परवानगी मिळाली तरी ते काम हँडगनचं नाही. बारा बोअर, त्यात एलजी (मोठे छर्रे) किंवा बॉलचं (एकच भरीव गोळा) काडतूस, जवळनं, मागं मातीचा बांध बघून.

हँडगनची हॉलो पॉइंट आपल्याकडं मिळंल का, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. तर आधी आपलं लायसन वाचा. ९ एमएम आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या माणसाला त्याचं लायसन मिळत नाही, त्यामुळं यूट्यूबवरच्या नव्वद टक्के गप्पा इथंच संपतात. आपल्याला मिळतं बत्तीसचं रिव्हॉल्वर नाहीतर बत्तीसचं पिस्तूल नाहीतर .२२. कानपूरचं बत्तीस रिव्हॉल्वर वेबलीच्या धाटणीचं, खटका दाबला की मधनं बिजागरीवर वाकून उघडतंय आणि सहाच्या सहा पुंगळ्या एकदम वर उचलून बाहेर टाकतंय. २०१४ ला त्याचंच हलकं निर्भीक काढलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं. काडतुसं खडकीच्या कारखान्यातली. ही बत्तीसची रिव्हॉल्वरची गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटर. ९ एमएमच्या मानानं हिची ताकद तिसरा हिस्सा पण भरत नाही. आता वर सांगितलेलं आठवा, वेग नसेल तर हॉलो पॉइंट उघडत नाही. म्हणजे उद्या कुणी तुम्हाला बत्तीसची हॉलो पॉइंट दुप्पट-तिप्पट पैशात देतो म्हणाला तरी ती एकतर उघडणार नाही, नाहीतर उघडली तर खोली गमावणार. या बोअरला भरीव गोळीच बरी. मी भरीवच ठेवतो, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

पण मग आरपार जायचा धोका येतो, आणि तो कोल्हापुरात खरा आहे. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत घराला घर चिकटलेलं, भिंत एक, पलीकडं कुणाचंतरी अंथरूण. काही जुन्या घरात मधली भिंत नुसत्या फळ्यांची नाहीतर कुडाची. त्यामुळं घरात शस्त्र असणाऱ्यानं दिवसा शांतपणे उभं राहून बघावं, दाराकडं तोंड केलं तर मागं काय आहे, जिन्याकडं केलं तर काय आहे, पोरं कुठं झोपतात. हे बघून झाल्यावर मी माझ्या घरात ठरवून टाकलंय की कुठल्या दिशेला कधीच बार काढायचा नाही. हा अभ्यास कुठल्याही गोळीपेक्षा जास्त कामाचा आहे. आणि कायदा पण लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, हक्क आहे, पण बचावाला लागतं त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. चोर पळत सुटला की तुमचा हक्क तिथं थांबला असंच धरून चाला.

वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्यांना तर मी तोंडावर बोलतो. वर गेलेली गोळी खाली येतेच. आर्म्स ॲक्टच्या (शस्त्र कायद्याच्या) २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवलीय, लायसन जाईल ते वेगळं. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं केली. खंडेनवमीला पूजा करा, हळदकुंकू वाहा, पण आधी रिकामं करून, चेंबर डोळ्यांनी बघून आणि बोटानं चाचपून.

भावाला अजून एक बजावलं, गावाकडं येताना आठवण म्हणून एकपण काडतूस बॅगेत आणू नको. रेंजवर वापरलेली बॅग घेऊन येतात आणि कोपऱ्यात एखादी गोळी राहिलेली असते. आपल्या एअरपोर्टला एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा होतो, मग कोर्टात जाऊन सिद्ध करत बसा की मला माहीत नव्हतं. बॅग बदलूनच ये म्हणालो.

शेवटचं काडतुसं ठेवायचं सांगतो, कारण आपल्याकडच्या पावसात निम्मा माल इथंच खराब होतोय. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोवून ठेवायची जुनी पद्धत आहे, दिसायला रुबाब, पण चामडं कमावताना जे लावतात त्यानं पितळेवर हिरवा चिकट थर चढतो. जून ते सप्टेंबर तर बघायलाच नको. बारा बोअरची जुनी कागदी काडतुसं कुणाकडं राहिली असतील तर ती ओल धरून फुगतात, चेंबरात जात नाहीत, गेली तर निघत नाहीत. मी काडतुसं प्लास्टिकच्या घट्ट डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवतो, शस्त्रापासनं वेगळ्या कुलपात, डब्यावर खरेदीची तारीख लिहितो आणि पावसाळा संपला की एकेक हातात घेऊन बघतो, हिरवं पडलेलं, खड्डा पडलेलं, गोळी हलतेय असं काही वाटलं की वेगळं. इलेक्शन लागलं की शस्त्र जमा करायला जावं लागतं तेव्हा काडतुसांचा हिशोब पण लायसनवरच्या नोंदीशी जुळवून घेतो, एकाच कामात दोन्ही होतं. खराब निघालेली काडतुसं पंचगंगेत टाकायची नाहीत, जमिनीत पुरायची नाहीत, चुलीत तर अजिबात नाही. ज्या दुकानातनं घेतली त्याला नाहीतर पोलीस स्टेशनला विचारायचं, लेखी देऊन जमा करायची आणि पावती लायसनच्या पुस्तकातच ठेवायची.